दहा बाय बाराच्या खोलीतलं थिएटर

"काय बोली ऱ्हायना तो?"

टीव्ही लागला की आई हे दर दोन मिनिटांनी विचारायची. आईचं माहेर धुळ्याचं. जळगावात येऊन तिला पन्नास वर्षं होत आली, पण आतून काही विचारायचं असलं की तिच्या तोंडात अजून अहिराणीच येते. घरात 43 इंची टीव्ही नवा आला होता. चित्र लख्ख होतं, पण शब्द कळत नव्हते. आवाज वाढवला की मारामारी आणि पार्श्वसंगीत अंगावर यायचं आणि माणसं पुटपुटल्यासारखीच बोलत राहायची. चारेक महिन्यांत आईनं सिनेमा बघणं सोडलं. नुसती शेजारी बसायची, वाती वळत.

कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वय झालं की वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'फ' यांसारख्या व्यंजनांचा पुष्कळसा भाग वरच्या पट्टीत असतो. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. त्यात हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग आपल्याकडे येतो. आधीच झिजलेली व्यंजनं त्या वाटेत आणखी विरतात.

मी 35 हजार रुपये बाजूला काढले आणि ठरवलं की आईला सिनेमातला प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे. त्यासाठी चार महिने जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळ्यावरून, सुटीच्या दिवशी चकरा मारल्या. दुकानदार, दुरुस्ती करणारे, सुतार, घरी थिएटर केलेली माणसं, सगळ्यांना भेटलो. कमी पैशांत हे करू बघणाऱ्या खान्देशातल्या घरांना उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

पहिलं दुकान जळगावचंच. दारात काचेच्या पलीकडे निळे दिवे लुकलुकणारा उंच स्पीकरचा सेट, पेटीवर मोठ्या अक्षरांत 8,000 वॅट. विक्रेत्यानं गाणं लावलं, काच थरथरली. मी सेट उलटा फिरवायला सांगितला. मागच्या स्टिकरवर वीजवापर लिहिला होता, 60 वॅट. जे यंत्र भिंतीतून 60 वॅट घेतं ते बाहेर 8,000 वॅट कुठून देणार? पीएमपीओ नावाचा हा आकडा नव्वदच्या दशकापासून आपल्या बाजारात आहे, आणि त्याला मोजमापाचा कसलाच ठरलेला नियम नाही. क्षणभराचा फुगवलेला अंदाज, तोही सगळे स्पीकर मिळून. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. तीही किती लागते? बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर साधारण 87 डेसिबल आवाज देतो. नऊ फुटांवर बसलेल्या माणसापर्यंत त्यातले 78 पोचतात. दहा वॅट दिले तर 88, आणि 88 डेसिबल घरात नकोसे होतील इतके मोठे असतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला 8,000 वॅटची गरज कधीच नव्हती. जो दुकानदार मागचा स्टिकर दाखवायला कुरकुर करतो त्याच्याकडून काही घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

कमी पैशांत घरी सिनेमा आणण्याची खान्देशाला सवय जुनी आहे. 1982 च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ भाड्याचा व्हीसीआर. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, माझ्या मामाचं घर अशाच एका नंबरी गल्लीत. घराघरातून वर्गणी निघायची, रात्री टीव्ही ओट्यावर यायचा, एका रात्रीत तीन सिनेमे. लहान मुलं दुसऱ्या सिनेमातच गोधडीवर आडवी व्हायची. टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचत नाही म्हणून मामानं टेपच्या डेकची तार त्याला जोडली होती, आणि डेकचा स्पीकर बसवला होता पाण्याच्या रिकाम्या माठाच्या तोंडावर. त्या काळात असे माठ घरोघर दिसायचे. माठाच्या पोटातली हवा आणि त्याचं तोंड मिळून एका ठरावीक पट्टीवर घुमतं. त्यामुळे चार इंची स्पीकरमधून ढोलकी भरदार वाजायची. संवाद मात्र त्याच घुमण्यात बुडायचे. ही गोष्ट पुढे मला फार उपयोगी पडली.

खान्देशाला लागून असलेल्या मालेगावात तर याच काटकसरीतून सिनेमे उभे राहिले. नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवत. यंत्रमागावर राबणारी माणसं शुक्रवारच्या सुटीला सिनेमा बघायला यायची. रोज चित्रफिती हाताळता हाताळता नासिरभाई दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून संकलन करायला शिकले आणि त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. सायकलवर कॅमेरा बसवून ट्रॉलीचं काम, बैलगाडीच्या दांड्यावरून क्रेनचं काम. फैझा अहमद खान यांनी 2008 मध्ये या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी 2025 मध्ये टॉकीजमध्ये लागला. तो मी बघितला तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: या माणसांनी महागडं सामान मिळेपर्यंत वाट बघितली नाही. हातात होतं त्याचा अभ्यास केला.

म्हणून मी आधी सामान न घेता खोलीचा अभ्यास केला, आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच झाला.

आपल्याकडच्या खोल्या कशा असतात ते बघा. आरसीसीच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला लोखंडी कपाट, दुसरीकडे शोकेसच्या काचा, जमिनीवर जळगावातच तयार होणारी प्लॅस्टिकची चटई. यातली एकही वस्तू आवाज शोषत नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असा धातूसारखा आवाज आला तर समजा की प्रत्येक शब्दालाही तेच शेपूट लागणार आहे, आणि पुढचा शब्द त्या शेपटावर पाय देऊन येणार. आईची अर्धी अडचण ही होती. तिच्या कानांइतकाच दोष खोलीचा होता.

यावरचं औषध खान्देशात पोत्यांनी पिकतं. कापूस. बाजारात फोमच्या काळ्या खडबडीत चौकटी मिळतात. त्या पातळ असतात, फक्त वरची पट्टी शोषतात आणि नेमकी व्यंजनंच मंद करतात. मी लाकडी पट्ट्यांच्या चार फूट बाय दोन फुटांच्या चार चौकटी करून घेतल्या, पिंजाऱ्याकडून जुन्या गादीतला कापूस पिंजून त्यात चार इंच जाड भरला आणि वरून सुती कापड ताणलं. भिंतीला न चिकटवता तीन-चार इंच जागा सोडून टांगल्या. या रिकाम्या जागेला महत्त्व आहे. भिंतीला अगदी लागून हवेचे कण हलत नाहीत, भिंतीपासून थोडं दूर जास्त हलतात, आणि कापूस हलणाऱ्या हवेलाच अडवतो. अंतर सोडलं की तेवढाच कापूस खालच्या पट्टीपर्यंत काम करतो. दोन चौकटी बाजूच्या भिंतींवर, दोन डोक्यामागच्या भिंतीवर. खाली चटईवर आजीची जाड गोधडी. पुन्हा टाळी वाजवली, शेपूट गेलं होतं. एकही स्पीकर अजून घरात आला नव्हता, आणि त्याच टीव्हीवर आईचं "काय बोली ऱ्हायना" निम्म्यावर आलं. खर्च 1,800 रुपये. एक काळजी मात्र घ्यावी. कापूस चटकन पेटतो, तेव्हा बोर्ड, वायर, देवघरातली निरांजनं यांच्यापासून या चौकटी लांब ठेवाव्यात.

खोलीची मापंही बघावी लागतात. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे 47 हर्ट्झचा सूर आणि दहा फूट रुंदीत 56 हर्ट्झचा सूर भिंतीभिंतींत अडकून घुमत राहतो. दोन्ही वेगवेगळे आहेत हे नशीब. दहा बाय दहाची खोली आणि दहा फुटांचं छत असेल तर तिन्ही दिशांचे सूर एकाच जागी येतात आणि तो एकच ठोका डोक्यात बसतो. असली चौकोनी डब्यासारखी खोली आपल्याकडे फार घरांत असते. ज्यांच्या घरात दोन खोल्या आहेत त्यांनी लांबट खोली निवडावी.

मग सामान. गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणारा एक माणूस मला या सगळ्यात गुरू भेटला. त्याच्या टेबलावर उघडलेला अ‍ॅम्प्लिफायर, बाजूला डिंकाच्या बाटलीत राळेचा तुकडा, आणि कॅल्क्युलेटर नेहमी हाताशी. तो म्हणाला, "भाऊ, पाच स्पीकर एकदम घेऊ नका. मधला चांगला घ्या. माणूस मधून बोलतो."

हे वाक्य मी खरं मानतो. पाच-एक पद्धतीत समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, मागे दोन, आणि खालच्या सुरांसाठी एक वूफर. सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. स्वस्तातल्या तयार संचात नेमका हाच स्पीकर सगळ्यात किरकोळ असतो, कारण दुकानात धडधड ऐकून माणूस भुलतो. मी मधला नवा घेतला, 5,500 रुपयांचा. समोरची जोडी जुनी, 6,000. सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा पाच चॅनेलचा जुना रिसीव्हर 9,500 ला मिळाला, एचडीएमआय आणि एआरसी असलेला. एआरसी ही सोय 2009 पासून आली. टीव्हीच्या ज्या खोबणीवर 'एआरसी' लिहिलंय तिथे एकच वायर लावली की टीव्हीचा आवाज रिसीव्हरला पोचतो. जुना रिसीव्हर घेताना ही तीन अक्षरं मागे छापलेली आहेत का एवढं बघा. मागचे दोन स्पीकर साधेच, 2,000 चे. ते कानांच्या किंचित मागे, दोन्ही बाजूंना ठेवले. पावसाचे, गर्दीचे आवाज तेवढे तिथून येतात, तिथे पैसे घालायची गरज नाही.

वायरसाठी सोन्याच्या मुलाम्याची जाड केबल घ्यायला एकानं गळ घातली. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून घरच्या वायरिंगची 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली. सगळ्यात लांब स्पीकरला आठ मीटर लागली. जाऊन-येऊन सोळा मीटरचा रोध 0.2 ओहमच्या आत भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. वायर शुद्ध तांब्याची आहे ना, एवढं मात्र चाकूनं खरवडून बघावं. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर ते अ‍ॅल्युमिनियम. सगळी वायर 900 रुपयांत आली.

वूफर मी घरी करवून घेतला, आणि यात जळगाव उपयोगी पडलं. आठ इंची स्पीकर 2,200 चा, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर 3,800 चा, आणि 18 एमएम प्लायची 40 लिटरची पेटी आमच्या मिस्तरीनं मजुरीसकट 2,600 त करून दिली. पेटीला हवेचं नळकांडं लागतं. नेमकं काम तेच करतं जे मामाचा माठ करायचा, पण माठ त्याच्या स्वतःच्या सुरावर घुमायचा आणि हे आपण ठरवू त्या सुरावर घुमतं. पीव्हीसी पाइपांच्या या गावात नळकांड्याला काय तोटा! 75 एमएम पाइपाचा तुकडा, आतून सात सेंटिमीटरचा. 35 हर्ट्झवर घुमवायचा तर लांबी साडेअठरा सेंटिमीटर, असा हिशेब त्या गोलाणीवाल्या दादानं कागदावर करून दिला. मिस्तरीनं आधी वीस सेंटिमीटर कापला, मग करवतीनं थोडा थोडा घासत आणला. वूफर खोलीत कुठे ठेवायचा यासाठी दादानं सांगितलेली युक्ती मी सगळ्यांना सांगतो. वूफर आईच्या खुर्चीवर ठेवला, एक संथ तबल्याची धून लावली आणि मी भिंतीकडेनं गुडघ्यांवर रांगत फिरलो. कोपऱ्यात नुसता घुमार होता, खिडकीखाली काहीच नव्हतं, आणि कपाटापासून तीन फुटांवर तबल्याचं बोट न बोट वेगळं ऐकू आलं. वूफर तिथे गेला.

सगळं मिळून 34,300 रुपये झाले.

जोडणीनंतर पहिल्याच रात्री स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा बारीक आवाज येऊ लागला. दोन दिवस काही सापडेना. शेवटी केबलच्या सेट-टॉप बॉक्सची जाड वायर काढली आणि आवाज थांबला. बाहेरून येणारी ती वायर कुठेतरी दुसऱ्या अर्थिंगला लागलेली, आमच्या घराचं अर्थिंग कमजोर, दोघांच्या मधल्या फरकातून 50 हर्ट्झची वीज गुणगुणत होती. कुणीतरी प्लगची तिसरी पिन तोडून टाक म्हणालं. हे कधीच करू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग नव्यानं करून घेतलं. ते तसंही करायलाच हवं होतं.

खान्देशातल्या थिएटरची खरी परीक्षा होळीनंतर. पारा 45 च्या वर जातो आणि घराघरांत कूलर घोंघावू लागतो. कूलरचा घोंघाट नेमका व्यंजनांच्या पट्टीवर बसतो, महागातला मधला स्पीकरही त्याखाली दबतो. शिवाय ओली हवा थेट कागदी स्पीकरवर गेली की कागद नरम पडतो. आम्ही कूलर शेजारच्या खोलीच्या खिडकीत बसवला आणि मधलं दार उघडं ठेवलं. गारवा थोडा कमी, शब्द पुष्कळ जास्त. रिसीव्हरच्या वर चार इंच जागा मोकळी सोडली, त्यावर टीव्हीचं कव्हर नाही, वर्तमानपत्र नाही. उन्हाळ्यात ही यंत्रं आवाजानं मरत नाहीत, कोंडलेल्या उष्णतेनं मरतात.

धुळ्यात एका शिक्षिकेच्या घरी वेगळंच थिएटर बघितलं. त्यांना टीव्हीच नको होता. जुना प्रोजेक्टर, समोर बिनचकाकीच्या पांढऱ्या रंगाची भिंत, आणि फक्त दोन स्पीकर. "आमच्या घरात दिवसा कुणी सिनेमा बघतच नाही," त्या बाई म्हणाल्या. प्रोजेक्टरच्या पेटीवरही आवाजासारखीच फसगत आहे. 9,000 लुमेन लिहिलेलं असतं. विचारायचे ते एएनएसआय लुमेन. शंभर इंची पडद्यावर खरे 500 एएनएसआय लुमेन पडले तर टॉकीजच्या पडद्याइतका उजेड होतो, अट एवढीच की खोलीत काळोख हवा. बाईंनी खिडक्यांना जुन्या सतरंज्या लावल्या होत्या, त्यांनी उजेडही अडवला आणि आवाजही शोषला. दोनच स्पीकरांवर त्या समाधानी होत्या, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या घरात जास्तीत जास्त अहिराणी गाणी आणि यूट्यूबवरच्या खान्देशी फिल्मा लागतात. त्यातल्या बहुतेकांचा आवाज दोनच चॅनेलचा असतो. पाच स्पीकर लावून त्यात काही भर पडत नाही. आपण काय बघतो ते आधी ठरवावं.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्या दिवाळीच्या बाजारात त्यामुळे सगळे मोठा टीव्ही घ्यायला धावले. मला विचाराल तर वाचलेले पैसे आणखी इंच वाढवण्यात घालू नका. 43 इंची टीव्ही पावणेसहा फुटांवरून बघितला तर डोळ्याला पुरेसा मोठा दिसतो. खुर्ची पुढे ओढायला काही पडत नाही. उरलेले पैसे मधल्या स्पीकरला द्या.

एक विनंती शेजाऱ्यांच्या वतीनं. आपल्याकडे रो-हाउसची भिंत सामाईक असते, आणि वूफरचा सूर विटांतून सहज पलीकडे जातो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातलेली आहे. रिसीव्हरमध्ये 'नाइट' नावाची सोय असते. ती चालू केली की धमाके लहान होतात आणि संवाद तसेच राहतात. आम्ही दहानंतर वूफर बंदच करतो. मधला स्पीकर तीन डेसिबलनं वाढवून ठेवला आहे, त्यामुळे आईचं काही अडत नाही.

पहिला सिनेमा 'सैराट' लावला. 2016 च्या या सिनेमाचं वाद्यवृंद-संगीत अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं होतं. मला ती व्हायोलिन्स ऐकायची होती. आई व्हायोलिन्सबद्दल काही बोलली नाही. अर्ध्या तासानं वात खाली ठेवून एवढंच म्हणाली, "आते ऐकू येस."

तुमच्या घरी असं काही करायचं असेल तर एक करा. दुकानात जाताना ओळखीचा, भरपूर संवाद असलेला मराठी सिनेमा पेन ड्राइव्हवर घेऊन जा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या. गाणं लावू देऊ नका, संवाद लावायला सांगा. त्या माणसाला शब्द कळले तरच पैसे द्या.